महाबळेश्वरच्या सीझनला वेळापत्रक द्या: सातारा जिल्हा प्रशासनास खुलं पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, सातारा
मा. मुख्याधिकारी, महाबळेश्वर आणि पाचगणी गिरिस्थान नगरपरिषदा
मा. उपवनसंरक्षक, सातारा
मा. विभाग नियंत्रक, एसटी महामंडळ, सातारा
तसंच दोन्ही गावांतले हॉटेलचालक, टॅक्सीचालक, बोटवाले आणि घोडेवाले यांस

स. न. वि. वि.

शाळांच्या परीक्षा आता एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत लांबतात. २०२५ साली पहिली ते नववीच्या परीक्षा २५ एप्रिलपर्यंत चालल्या, निकाल १ मेच्या आसपास लागले आणि शाळा १६ जूनला पुन्हा भरल्या. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस घाट चढून येतो. म्हणजे मुलाबाळांसह महाबळेश्वरला जायला घरच्यांच्या हातात उरतात जेमतेम सहा आठवडे. पूर्वी एप्रिलच्या मध्यापासून जूनपर्यंत पसरणारी गर्दी आता या सहा आठवड्यांत कोंबली जाते, आणि त्यातही शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार एवढ्यातच.

२०२५ साली महाबळेश्वरचा महापर्यटन उत्सव २ ते ४ मे असा याच काळात झाला. उत्सवाला आमचा विरोध नाही. पण १ मेच्या जोडसुट्टीत महाबळेश्वर भरायला उत्सवाची गरज पडत नाही, ते आपोआपच भरतं. लोकांना बोलवायचंच असेल तर मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत बोलवा. तेव्हा स्ट्रॉबेरी जोरात असते, खोल्या रिकाम्या असतात, आणि ज्यांच्या घरात शाळेचं वेळापत्रक चालत नाही अशी माणसं, म्हणजे निवृत्त मंडळी, नवविवाहित, अगदी लहान मुलांचे आईबाप, हौसेने येतात.

मेमधल्या कुटुंबांसाठी मात्र वेगळं काही करावं लागेल. आमचं म्हणणं असं की इथे माणसं फार होत नाहीत, ती एकाच वेळी एकाच ठिकाणी येतात. त्यामागे ठरलेली कारणं आहेत आणि ती वेळा बदलून सुटतात. रस्ता रुंद करून सुटणारी नाहीत. तशीही इथे डोंगर कापून पार्किंग काढायची सोय नाही. १७ जानेवारी २००१ च्या अधिसूचनेने हा सगळा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील झाला आहे, आणि ते चांगलंच आहे.

दिवस कसा बिघडतो ते पाहा. हॉटेलची खोली सकाळी दहा-अकराला सोडायची असते, नवी दुपारी एक-दोनला मिळते. त्यामुळे जाणारे अकराला निघतात, पुण्याहून सातला निघालेले साधारण त्याच वेळी पाचगणीत शिरतात, आणि दोन्ही रांगा बाजारपेठेत समोरासमोर येतात. जे मुक्कामी आहेत त्यांना नाश्ता साडेआठच्या आधी मिळत नाही. मुलांचं आवरून निघेपर्यंत दहा वाजतात, आणि सगळे मिळून आर्थर सीटला पोहोचतात भर बारा वाजता. तिथून तीनला जेवण, पाचला वेण्णा लेक, साडेसहाला मुंबई पॉइंट. मावळतीनंतर पंधरा मिनिटांत सगळ्या गाड्या एकाच रस्त्याने परत. टॅक्सीचं ‘महाबळेश्वर दर्शन’ असो की स्वतःची गाडी, क्रम तोच.

हा क्रम नुसता उलटा केला तरी निम्मा प्रश्न हलतो. आर्थर सीटचा कडा पश्चिमेला आहे. सकाळी ऊन पाठीमागून येतं, सावित्रीचं खोरं आणि खालचं कोकण उजळलेलं दिसतं, कड्याच्या अलीकडच्या झाडीत गारवा असतो. दुपारनंतर तेच ऊन डोळ्यांवर येतं आणि दरी धुरकट होते. मेमध्ये हवा धूसर असतेच, लख्ख दिसतं ते वळवाची सर पडून गेल्यावर. म्हणून वनविभागाने आर्थर सीटकडचा नाका सकाळी साडेसहाला उघडावा आणि ती वेळ हॉटेलांच्या स्वागतकक्षात मोठ्या अक्षरांत लावावी. हॉटेलचालकांनी सहा ते साडेसहाच्या दरम्यान बांधून नाश्ता द्यावा. पोहे नकोत, ते गार होऊन चामट होतात. थालीपीठ, उकडलेली अंडी, केळी, थर्मासमध्ये चहा-दूध. दहाला परत येऊन आंघोळी केल्या तरी चालतात, सुट्टीच असते. गाडीतळापासून कड्यापर्यंतची वाट चढउताराची आहे, पंधरा-वीस मिनिटांची. सोबत आजी-आजोबा किंवा कडेवरचं मूल असेल तर अर्धा तास धरावा लागतो. हेच तिथे कुठे लिहिलेलं नसतं. किती पायऱ्या, किती वेळ, बसायला जागा कुठे, असा फलक गाडीतळावर हवा, कड्यावर नको. अर्ध्या वाटेवर गुडघे धरून बसलेल्या आजींना त्या फलकाचा काय उपयोग?

आता घाट. सुरूर फाट्यावरून वाई, वाईहून पसरणी घाट चढून पाचगणी, तिथून १९ किलोमीटर महाबळेश्वर. या एका रस्त्यावर पुणे आणि निम्मी मुंबई येते. एक किलोमीटरच्या रांगेत गाडीमागे सात मीटर धरले तर एकशे चाळीस-पंचेचाळीस गाड्या मावतात. गाडीत चार माणसं धरली तर पावणेसहाशे. एवढी माणसं तेरा एसटी गाड्यांत बसतात. ‘हजारो पर्यटक अडकले’ अशी बातमी छापून येते तेव्हा प्रत्यक्षात काही किलोमीटर पत्रा अडकलेला असतो.

रांग लागणं वेगळं आणि रांग अडणं वेगळं. अडते ती मधली लाइन लावणाऱ्यांमुळे. रांग थांबली की मागचा कोणीतरी उजवीकडून पुढे काढतो, त्याच्यामागे दहा जण येतात, वळणावर समोरून एसटी येते, आणि आता तिघांपैकी कोणालाच हलता येत नाही. पसरणी घाटात प्रत्येक मोठ्या वळणाच्या वर आणि खाली रस्त्याच्या मध्यावर शंकू किंवा लवचीक खांब लावले तर मधली लाइन सुरूच होत नाही. वळणावर होमगार्ड उभा करायचा तर वळणाच्या वरच्या अंगाला करा. चढणारी गाडी थांबवली तर पुन्हा उचलताना क्लच जळतो, उतरणारीला थांबून पुन्हा निघायला काही लागत नाही. म्हणून चढणारीला वाट द्यायची. हा घाटातला जुना शिरस्ता, पण गाडी नव्याने चालवायला लागलेल्यांना तो कोणी सांगितलेला नसतो.

दुसरं अडण्याचं कारण म्हणजे बंद पडलेली गाडी. रांगेत सरकत-थांबत चढताना इंजिन तापतं, क्लचचा करपट वास येतो आणि गाडी जागीच बसते. क्रेन वाईत किंवा पाचगणीत उभी असेल तर तिलाच त्या रांगेतून यावं लागतं. शनिवार-रविवारी सकाळी आठ ते रात्री नऊ एक क्रेन घाटातच, बुवासाहेब मंदिराच्या आसपास, उभी राहू द्या. उतरताना प्रकार उलटा. पाय ब्रेकवर ठेवून उतरणाऱ्यांचे ब्रेक तापतात, पेडल मऊ लागतं, चाकातून धूर येतो. गाडी बाजूला घेऊन अर्धा तास गार होऊ देणं हा उपाय आहे. तापलेल्या डिस्कवर बाटलीतलं पाणी ओतलं तर ती वाकते. पाचगणी सोडताना घाटाच्या तोंडावर ‘दुसरा गिअर, ब्रेक मोकळा’ एवढीच पाटी पुरे. ऑटोमॅटिक गाडीवाल्यांसाठी खाली एक ओळ: ‘लिव्हर एल किंवा मॅन्युअलवर’. आणि मुलांना ओकारी येते म्हणून भर वळणावर गाड्या थांबतात, त्यासाठी घाटात दोन-तीन ठिकाणी बाजूला घ्यायची जागा आखून द्या, ती कुठे येणार याची पाटी पाचशे मीटर आधी लावा.

प्रवेशकराच्या नाक्यांचा हिशेब तर सोपा आहे. एका गाडीच्या पावतीला तीस सेकंद लागले तर एका खिडकीतून तासाला १२० गाड्या सुटतात, दोन खिडक्यांतून २४०. तासाला ३०० गाड्या येत असतील तर दर तासाला ६० मागे साचतात, म्हणजे चारशेवीस मीटर रांग. तीन तासांत सव्वा किलोमीटर. हीच पावती वीस सेकंदांत फाटली तर दोन खिडक्यांतून ३६० गाड्या सुटतात आणि रांग लागतच नाही. फरक दहा सेकंदांचा. ते कुठे जातात? माणशी कर असला की आत डोकावून डोकी मोजावी लागतात, ‘हा पाच वर्षांचाच आहे’ यावर घासाघीस होते, सुटे नसतात, आणि मोबाइलने पैसे द्यावेत तर गर्दीत रेंज गळपटते, चक्र फिरत बसतं. म्हणून तीन गोष्टी करा. गाडीच्या प्रकारावर एकच ठोक रक्कम. घरूनच भरून पावतीचं चित्र मोबाइलमध्ये ठेवता येईल अशी सोय, म्हणजे नाक्यावर रेंज लागणार नाही. आणि रांग वाढली की हातात यंत्र घेऊन दोन माणसं शंभर-दोनशे मीटर पुढे चालत जाऊन पावत्या फाडतील, खिडकीवर नुसती दाखवायची. पाचगणीची वेगळी, महाबळेश्वरची वेगळी, वनविभागाची वेगळी अशा तीन पावत्यांऐवजी एक पावती करून पैसे मागाहून आपसात वाटून घेता येतात. ते तुमचं कागदावरचं काम आहे, त्यासाठी लोकांना तीनदा का थांबवायचं?

महामार्गावरचा फलक सुरूरला लावून उपयोग नाही. सुरूरला माणूस वळायच्या तयारीत असतो. शिरवळच्या आसपास, खंबाटकीच्या आधी, पाटी दिसायला हवी: वाईमार्गे अमुक तास, सातारा-मेढा-केळघरमार्गे तमुक तास. केळघरचा रस्ता पुण्याहून लांब पडतो, पण पाचगणी तुंबलेली असताना तोच लवकर पोहोचवतो. मुंबईहून पोलादपूरमार्गे आंबेनळी घाटाने येणाऱ्यांना वळणं जास्त, वस्ती कमी. त्यांना एवढंच सांगा की अंधार पडायच्या आत वर या.

आता एसटी. सहा जणांचं कुटुंब धरू: आई, बाबा, आठ आणि दहा वर्षांची दोन मुलं, अडुसष्ट वर्षांची आजी, शहात्तर वर्षांचे आजोबा. बाबांचं पूर्ण तिकीट, आईचं अर्धं, मुलांची अर्धी-अर्धी, आजीचं अर्धं, आजोबा मोफत. सहा जण, तीन तिकिटांचे पैसे. इतकं स्वस्त असूनही कुटुंबं गाडी काढतात कारण परतीची खात्री नसते. एका दिवसासाठी येणाऱ्यांनी गाडी वाईत ठेवावी आणि वर एसटीने जावं, हे घडवायचं असेल तर शनिवार-रविवारी सकाळी सात ते अकरा वाई ते महाबळेश्वर दर वीस मिनिटांना गाडी हवी, आणि परतीच्या गाड्या संध्याकाळी पाच ते रात्री नऊ. शेवटची गाडी किती वाजता, हे वाईच्या तळावर, महाबळेश्वरच्या स्थानकावर आणि तिकिटावर छापलेलं हवं. आजोबा आधी शेवटच्या गाडीची वेळ विचारतात, तिकिटाचा दर नंतर.

वरच्या वरही हेच. बसस्थानक ते मुंबई पॉइंट फेरीला थांबे धरून चाळीस मिनिटं लागतात असं समजलं तर चार गाड्यांत दर दहा मिनिटांनी एक सुटते. तासाला सहा फेऱ्या, अडीचशे माणसं. म्हणजे साठ-सत्तर गाड्या त्या रस्त्यावर येतच नाहीत. एका मोटारीला गाडीतळावर जायच्या-यायच्या वाटेसकट पंचवीस चौरस मीटर लागतात. सत्तर गाड्या म्हणजे साडेसतराशे चौरस मीटर, जवळजवळ सतरा गुंठे. महाबळेश्वरात सतरा गुंठे सपाट जागा कुठे आहे ते तुम्हीच सांगा. या गाड्या साडेचार ते साडेसात चालवा. मेमध्ये सूर्य सातच्या सुमारास मावळतो, आणि सव्वासातला सगळी गर्दी थांब्यावर येणार; तेव्हा त्या वेळी दोन गाड्या रिकाम्या उभ्या असायला हव्यात.

वेण्णा लेकवर जरा थांबू. साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी १८४२ साली बांधून घेतलेलं हे तळं आज दोन्ही गावांना पाणी पाजतं, आणि त्याच्याच काठावर गाड्या, घोडे, पाळणे, मक्याची कणसं, स्ट्रॉबेरी क्रीम हे सगळं दाटीवाटीने चालतं. लीद आणि कणसांची बुरकंडं वळवाच्या पहिल्या सरीत कुठे जातात हे पाहायला शास्त्रज्ञ नको. घोड्यांची जागा काठापासून दूर, उताराच्या पलीकडे आखा. लीद रोज दोनदा उचला. कचऱ्याच्या डब्यांना खटक्याचं जड झाकण लावा. साधं झाकण माकड पहिल्या दिवशीच उघडतं.

बोटीत बसणाऱ्या मुलांचं लाइफ जॅकेट हा आमच्या दृष्टीने सगळ्यात निकडीचा विषय. मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाला घालून पट्टा आवळला की झालं, असं समजलं जातं. तसं ते होत नाही. मूल पाण्यात पडलं की जॅकेट वर राहतं आणि मूल खाली सरकतं. जॅकेट वजनावर ठरतं, वयावर नाही: पंधरा किलोपर्यंतचं वेगळं, पंधरा ते तीसचं वेगळं, त्यापुढचं वेगळं. सगळ्यात लहान मापाला दोन पायांमधून जाणारा पट्टा आणि मानेमागे उशी हवीच. तपासायची रीत अशी: जॅकेट घालून सगळे बंद लावायचे, मग जॅकेटच दोन्ही खांद्यांपाशी धरून वर उचलायचं. जॅकेट हनुवटी-कानांपर्यंत सरकलं तर ते माप चुकीचं. बोटीच्या धक्क्यावर एक वजनकाटा आणि तीन रंगांची जॅकेटं ठेवली तर हे काम अर्ध्या मिनिटाचं आहे. ज्या मापाचं जॅकेट संपलं, त्या वजनाच्या मुलाला त्या फेरीत बसवायचं नाही. पालक भांडतील. भांडू द्या.

घोड्याचंही थोडंफार तसंच. मुलाचे पाय रिकिबीपर्यंत पोहोचत नाहीत, ते लोंबकळतात आणि घोडा दुडक्या चालीने निघाला की मूल खोगिरावरून एका बाजूला सरकतं. मुलांसाठी आखूड पट्ट्यांच्या रिकिबी, तीन मापांची हेल्मेटं, आणि बसवण्याआधी तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) पुन्हा एकदा आवळणं, एवढं परवान्याच्या अटींत घाला. फेरी कुठून कुठे आणि किती रुपयांना, हे घोडेवाल्याच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर मागच्या बाजूला छापा. दुपारी बारा ते साडेतीन घोड्यांना सुट्टी द्या, जनावरालाही ऊन लागतं.

पाचगणीचं टेबल लँड आशियात कितव्या क्रमांकाचं पठार, याच्या गप्पा पुष्कळ चालतात. शौचालय किती मीटरवर आहे याची एखादी पाटी लागली तर बरं. आणि दुसरी पाटी विजेची. मेमध्ये दुपारी तीननंतर ढग चढतात, वारा अचानक फिरतो, गारांसकट सर येते. त्या मोकळ्या जांभ्याच्या पठारावर तेव्हा सगळ्यात उंच वस्तू म्हणजे माणूस, नाहीतर घोड्यावर बसलेलं मूल. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत आकडे मोजायचे. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीसच्या आत गडगडलं तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, पठार सोडायचं. झाडाखाली किंवा पत्र्याच्या टपरीत थांबायचं नाही. काचा वर केलेली गाडी किंवा पक्की इमारत. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर जायचं नाही. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आसपास पडलेल्या विजा दाखवतं. ते नाक्यावरच्या कर्मचाऱ्याच्या मोबाइलमध्ये असावं आणि भोंगा वाजवायचा अधिकार त्याच्याकडेच असावा, वरिष्ठांना फोन लावण्यात दहा मिनिटं जातात. बोटींनाही तोच भोंगा लागू. सर थांबली की गारठा पडतो, म्हणून हॉटेलांनी सकाळी निघतानाच लोकांना मुलांचे स्वेटर बरोबर घ्यायला सांगावं. ‘थंड हवेचं ठिकाण’ म्हणून टोप्याही घरी राहतात, पण दुपारी पारा तिशीपार असतो आणि या उंचीवर ऊन भाजतं.

दुपारचं काय, हा खरा प्रश्न. अकरा ते चार मुलांना कुठे न्यायचं याचं उत्तर नसल्यामुळेच सगळे गाडीत बसून फिरतात. उत्तर तुमच्याकडेच आहे. ४ मे २०१७ ला सुरू झालेलं भिलारचं पुस्तकांचं गाव पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यापासून जवळ आहे. घराघरांत विषयवार पुस्तकं मांडली आहेत, बसून वाचायला पैसे पडत नाहीत. तिथे मे महिन्यात रोज सकाळी अकरा ते एक मुलांसाठी गोष्टींचा तास ठेवा, एका घरात तीस मुलं, चार घरांत चार वयोगट. बाजूला पिठलं-भाकरीची सोय गावातल्या बचत गटांकडे. महाबळेश्वर तालुक्यातलंच मांघर २०२२ च्या मे महिन्यात देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. सातेरी मधमाशांची पेटी उघडून दाखवायला जाणकार माणूस, जाळीचे मुखवटे आणि एका वेळी दहा-बारा मुलं एवढंच लागतं. उग्र वासाची अत्तरं लावून येऊ नका आणि गडद कपडे घालू नका, हे आदल्या दिवशीच सांगावं. पेटी ढगाळ, वादळी दुपारी उघडू नये, माश्या चिडलेल्या असतात.

उत्सवाचा मंडप टाकायचाच असेल तर तो वाईला टाका, संध्याकाळी. ढोल्या गणपतीच्या घाटावर सहानंतर वारा सुटतो, पायऱ्या हीच बैठक असते. तीन किलोमीटरवर मेणवलीत नाना फडणवीसांचा वाडा आणि चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेनंतर आलेली पोर्तुगीज घंटा आहे. शनिवारी संध्याकाळी वर निघालेल्यांना तिथे दोन तास धरून ठेवलं तर पसरणी घाट तेवढाच मोकळा होतो. भारूड, पोवाडे, शाहिरी. ड्रोन आणि फटाके वर जंगलाच्या कडेला नकोत, एप्रिल-मे हा पक्ष्यांच्या विणीचा काळ आहे. प्रतापगडासाठी मात्र सकाळच. २०२५ च्या जुलैमध्ये गड जागतिक वारशाच्या यादीत गेला, गर्दी वाढणार. वर सावली कमी, दुपारी दगड तापतात, म्हणून एसटीची ‘प्रतापगड दर्शन’ गाडी साडेसहालाही एक सोडा.

जाहिरातींत दोन दुरुस्त्या करा. मेमध्ये ‘स्ट्रॉबेरी तोडायला या’ असं छापू नका. एप्रिलनंतर फळ बारीक होतं, रोपं काढली जातात. तेव्हा तुती, करवंदं, जांभळं असतात, ती छापा. जाळीतून करवंदं काढताना चिकाने हात कसे होतात हे मुलांना कळू द्या. पनेटमध्ये, म्हणजे स्ट्रॉबेरीच्या डबीत, वर मोठी आणि खाली बारीक फळं भरायचा प्रकार वजनकाटा समोर ठेवला की कमी होतो. आणि कासची फुलं ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरची, हे सातारच्या पर्यटन फलकांवर ठळक लिहा. दर मे महिन्यात माणसं तिथे फुलं शोधत जातात आणि तांबड्या खडकावर उभी राहून परततात.

रुग्णवाहिकेबद्दल. १०८ ची गाडी रांगेच्या अलीकडे उभी असेल तर रांगेपलीकडच्या माणसाला तिचा उपयोग नाही. शनिवार-रविवारी एक पाचगणीत, एक महाबळेश्वर गावात, एक क्षेत्र महाबळेश्वरला, अशी तीन ठिकाणी उभी ठेवा, आणि कोणती गाडी कोणत्या रस्त्याने खाली उतरवायची (वाई, मेढा की पोलादपूर) हे सकाळच्या कोंडीप्रमाणे नियंत्रण कक्षाने ठरवावं.

यातलं बहुतेक काम खर्चापेक्षा बैठकीचं आहे, आणि ती बैठक एप्रिलमध्ये घेऊन चालत नाही. एसटीच्या उन्हाळी जादा गाड्यांचं नियोजन, घोडे-बोटींच्या परवान्यांच्या अटी, होमगार्डची मागणी, जॅकेटांची खरेदी या सगळ्याला दोन महिने लागतात. ती फेब्रुवारीत घ्या, वाईत घ्या, आणि टॅक्सी संघटनेला, घोडेवाल्यांना, भिलार-मांघरच्या ग्रामपंचायतींना समोर बसवा. १५ मार्चपर्यंत नाका, गाड्या आणि पॉइंटच्या वेळांचं एक पानी पत्रक निघालं तर सहली आखणारे आम्ही आणि हॉटेलवाले ते एप्रिलमध्ये आरक्षण करणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला तिकिटासोबत पाठवू. छपाई आमच्याकडे लागली.

कळावे,
सातारा-पुणे भागातून कौटुंबिक सहली आखणारे